आयर्लंडचा सरपंच

अप्पा,

विभूतीचा वास हातांवरून जाता जात नाही. मुरुमला माझ्या घरी परतल्यावर साबण लावला, लिंबाची फोड चोळली. चहाचा कप ओठांशी नेला तर वाफेच्या आधी तुम्हीच आलात. कोरडे, पांढरे, किंचित कापरासारखे. तुमच्या कपाळावर, दंडांवर, छातीवर ती राख मीच लावली होती. कातडी गार पडलेली, आणि तरीही इतकी ओळखीची, की माझी बोटं आपोआप सावकाश झाली. झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करताना होतात तशी.

तुम्ही कुठं शिकलात, सरपंच कधी झालात, हे सगळं गावच्या फलकावर लिहून झालं आहे. मला ते सांगायचं नाही. आपला वाद अर्धा राहिला होता. तो तसाच ठेवून तुम्ही गेलात, आणि त्याचा निकाल मला एका सकाळीत लावावा लागला. तो बरोबर लागला का, हे विचारायला तुमच्याखेरीज कुणी नाही.

आपल्या घरात एक परका माणूस राहायचा. तुम्ही निवडणूक हरलात, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो आला. हैदराबादला शिकताना जुन्या बाजारातून तुम्ही एक जाडजूड इंग्रजी चरित्र घेतलं होतं. भूकंपात माळवद कोसळलं, आई गेली, आणि ते पुस्तक मात्र पुठ्ठ्यावर मातीचा डाग घेऊन ढिगाऱ्यातून निघालं. पत्र्याच्या शेडमध्ये ते वर्षानुवर्षं ट्रंकेखाली पडून होतं. हरल्यावर तुम्ही ते उघडलंत. नव्या गावच्या समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसून, दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून, इंग्रजीतून थेट आपल्या बोलीत सांगू लागलात: विसाव्या शतकाच्या आरंभीचा एक आयरिश पुढारी. आपल्या देशाचा कारभार आपल्या हाती यावा म्हणून तो लंडनच्या पार्लमेंटात, परक्यांच्या बाकांवर बसून, परक्यांच्याच नियमांनी उभं आयुष्य भांडला. फुटलेला पक्ष त्यानं पुन्हा सांधला. सरकारं त्याच्या मतांवर तरली. शेवटी त्यानं स्वराज्याचा कायदा मंजूर करून घेतला; आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं, कायदा बासनात गेला. युद्ध संपलं की देऊ, असं सरकार म्हणालं. त्यानं विश्वास ठेवला.

"म्हंजे आयर्लंडचा सरपंचच की ह्यो," पायऱ्यांवरचं कुणीतरी म्हणालं, आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. त्याचं खरं नाव आपल्या गावात कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. ओढ्यावरून पाणी आणणारी एक बाई तुमच्यासमोर मुद्दाम घागर टेकवून थांबली होती. "अप्पा, तेच्या गावात नळ आला व्हता का वो?" पायऱ्या हसल्या. तुम्हीही हसलात. पुस्तक मिटताना तुमचा अंगठा मात्र पानातच राहिला होता, ते मी पाहिलं.

त्या घागरींचा आवाज मला अजून येतो. गाव नव्या जागी हलवा, पाणी आम्ही देऊ, असं साहेब लोकांनी सांगितलं होतं. गाव हललं, पाणी यायला वर्षं लागली. बायका ओढ्यावरून यायच्या, आपल्या दारापुढं घागर जमिनीवर ठेवायच्या, मोठ्यानं श्वास सोडायच्या आणि पुन्हा उचलायच्या. तोंडानं शब्द नाही. मातीवर तांब्याचा एक दबका ठोका, मग उसासा, मग पैंजण. तुम्ही आत बसून ऐकायचात. दार कधी लावलं नाहीत.

हे सगळं ज्या एका दुपारी सुरू झालं तिथं मी होते. शाळकरी पोर, केसांत अजून ढिगाऱ्याची माती. गाव पुन्हा त्याच जागी बांधायचं की ओढ्यापलीकडच्या माळावर न्यायचं, यावर सभा होती. बसाप्पाकाका, तुमचे लहानपणापासूनचे दोस्त, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकून ओरडत होते, "माझी बायकू हितं मातीत हाय, थोरला ल्योक हितं हाय. मी कुणीकडं जाऊ?" तुमच्याकडं दोन्ही बाजूंची टिपणं तयार होती, तुम्ही ती खिशातून काढलीही होती. मग ट्रॉलीवर चढलात, लोकांकडं पाहिलंत आणि टिपणं न उघडताच म्हणालात, "उद्या माझी चूल पलीकडं पेटंल. ज्यानं त्यानं आपलं बघा."

बस. दुसऱ्या दिवशी माळावर तीन दगडांच्या चुलीत धूर निघाला. आई नव्हती, तेव्हा चूल तुम्हीच पेटवलीत. ओल्या काटक्यांचा तो कडू धूर माझ्या डोळ्यांत गेला. गाव एकेक करून मागं आलं. बसाप्पाकाका आले नाहीत. जुन्या गावठाणाला लागून त्यांचं शेत, तिथंच कोठा बांधून राहिले. तुमच्याशी बोलणं त्यांनी त्या दिवशी सोडलं.

आयर्लंडच्या सरपंचाचंही असंच झालं होतं ना? घरी जाताना रस्त्यात पोरं कवायत करताना दिसली म्हणून त्यानं मोटार थांबवली, आणि काही ठरवलेलं नसताना चार शब्द बोलून गेला: फक्त आपल्या देशापुरतं लढू नका, जिथं लढाई असेल तिथं जा. पोरं इंग्रजांच्या फौजेतून महायुद्धात गेली. हजारोंनी परत आली नाहीत. दीड-दोन वर्षांत राजधानीत बंड झालं, सरकारनं बंडवाल्यांना गोळ्या घातल्या, आणि देशाचं मन एका वसंतात त्याच्याकडून दुसरीकडं वळलं. ज्या शहराच्या रस्त्यांवर त्याचा जयजयकार झाला होता तिथंच जवान पोरांनी त्याला घेरून धक्काबुक्की केली.

त्याच्यावरून आपण किती भांडलो. विशीत मी कवितेनं पेटलेली होते. बंडवाल्यांत कवी होते, हे तुम्हीच सांगितलं होतंत, आणि तेवढ्यावर मी माझी बाजू ठरवली होती.

"शब्द दिलाय म्हणून गप बसायचं का? तो फसला अप्पा. त्याला कळायला हवं होतं."

"कळलं असतं तर काय केलं असतं?"

"फिरला असता मागं."

"अन् ज्यांची पोरं त्याच्या शब्दावर गेली, त्यांना काय सांगितलं असतं? चुकून गेली म्हणून?" तुम्ही ताकाचा पेला खाली ठेवायचात. "कविता वाचणाऱ्या पोरीला बंडवालेच आवडणार. मरताना छान दिसतात ती माणसं."

मी चिडायचे. तुम्ही मिशीत हसायचात. मी एकदा थेट विचारलं, "तुम्ही मागं फिरला असतात का?" तेव्हा तुम्ही पुस्तकाची पानं उलटत त्याच्या भावाकडं गेलात. प्रत्येक वेळी असंच. प्रश्न तुमच्यावर आला, की उत्तर भावाचं.

धाकटा भाऊ. तोही पार्लमेंटात होता, पन्नाशी ओलांडलेली, केस पिकलेले. इतरांच्या पोरांना जा म्हणायचं आणि आपण घरी बसायचं हे त्याला जमेना. वय आडवं येत असूनही तो सैन्यात गेला आणि बेल्जियममध्ये पडला. त्याच्या रिकाम्या जागेवर निवडणूक झाली, ती बंडवाल्यांचा माणूस जिंकला. इथवर तुम्ही न अडखळता सांगायचात. मग आवाज खाली यायचा. "त्याची कबर एकटीच हाय. बाकीच्या सोल्जरांच्या रांगा पलीकडं, हा अलीकडं. एकटाच." आणि तुम्ही गप्प व्हायचात. ती शांतता भीतीची होती की मान देण्याची, हे मला कधी कळलं नाही. त्या एका शांततेवर मी तुमचा निकाल लावला, अप्पा.

कारण आपल्या गावानं एक गोष्ट कधीच हलवली नाही. नव्या आराखड्यात सगळं होतं: शाळा, दवाखाना, बाजाराची मोकळी जागा, आणि माळाच्या कडेला, आपल्या लोकांना पुरण्यासाठी, नवी रुद्रभूमी. तारेचं कुंपण, फाटक, बोअर, कडुलिंबाची रोपं. रोपांची झाडं झाली. फाटक गंजलं. आत एकही समाधी नाही. माणूस नव्या गावात राहिला, नव्या गावात म्हातारा झाला, तरी मेल्यावर त्याला ओढा ओलांडून जुन्या गावातच नेतात. कारण कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे: तिथं पहिलं कोण बसणार? भोवती कुणी नसलेल्या जमिनीत एकट्यानं बसून राहायचं, दुसरा येईपर्यंत. आपल्या बापाला, आपल्या आईला तिथं कोण ठेवील?

ग्रामसभेत विषय निघाला की तुम्ही एवढंच म्हणायचात, "कुणीतरी पहिलं जावं लागंल." बसाप्पाकाकांच्या बाजूचा कुणीतरी मागून ओरडायचा, "मग तुमीच की, अप्पा! चुलीत पहिलं, मसणात बी पहिलं!" हशा पिकायचा. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत.

आणि जुन्या गावात आई होती.

आपली माणसं मेलेल्याला आडवं ठेवत नाहीत. पद्मासनात बसवायचं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं, ध्यानातल्यासारखं. पण त्या दिवशी खड्डे थोडे होते आणि माणसं फार. आईला बसवता आलं नाही. तिला इतरांच्या शेजारी आडवीच ठेवली. आयुष्यात एकदाच, मी बाळंत होऊन माहेरी आले होते तेव्हा, बाळाकडं पाहत तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला म्या बसवलं न्हाय बघ." मग उठून बाहेर गेलात. शिकलेल्या माणसाच्या तोंडी तो "म्या" आला होता. तो माझ्या कानात राहिला आहे.

शेवटच्या आठवड्यांत तुमच्या डोळ्यांना अक्षरं दिसेनात, तेव्हा पुस्तक मी वाचत होते. खोलीत तुरीच्या ताज्या डाळीचा वास होता, खिडकीबाहेर कडब्याची गंज. त्या पुढाऱ्याच्या मृत्यूपाशी आलो. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, हृदय थांबलं. सगळं हातचं गेलेलं त्यानं पाहिलं होतं. पक्ष वाहून गेलेला पाहायला तो उरला नाही. जहाजातून त्याला मायदेशी आणलं, पण राजधानीत मिरवलं नाही. आगगाडीनं थेट त्याच्या गावी नेलं आणि दफनभूमीतल्या घराण्याच्या जुन्या तळघरात, आपल्या माणसांत ठेवलं.

"म्हणजे तो घरच्यांत, आणि भाऊ परमुलखात एकटा," मी म्हणाले. तुम्ही डोळे मिटलेले. मी धीर केला. "अप्पा, तुम्हाला कुठं?"

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सास्तूरकडं गेली, तिचा आवाज विरेपर्यंत मी थांबले.

"पाणी दे," तुम्ही म्हणालात.

मी दिलं. तुम्ही प्यालात. नळाचं पाणी, अप्पा. ते गिळताना तुमचा चेहरा जरासा सुखावला, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

ज्या सकाळी तुम्ही गेलात त्या सकाळी आपला धाकटा महेश पुण्याहून आला तो सरळ तुमच्या पायांशी बसला. नंतर अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आईजवळ नेऊ. खड्डा घ्यायला माणसं पाठवतो."

"ते म्हणायचे, कुणीतरी पहिलं जावं लागेल."

"म्हणायचे. मी जातो असं म्हणाले का कधी?" त्याचे डोळे लाल होते. "ताई, आईला आडवं ठेवून गेलेला माणूस आहे तो. आता तरी शेजारी ठेव की. तुला त्यांचं राजकारण पुरं करायचंय का?"

अंगणात माणसं जमत होती, तुम्हाला बसवून न्यायचं विमान सजत होतं, झेंडूचा उग्र वास आला. बायकांत कुजबूज चालली होती, "कुठं न्यायलेत?" सगळं गाव एका शब्दासाठी माझ्याकडं पाहत होतं, आणि तो शब्द तुमचा असायला हवा होता. मी तुमच्याकडं पाहिलं. भिंतीला टेकून बसवलेले तुम्ही, कपाळावर तीन पांढरे पट्टे, ओठ किंचित उघडे. काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारखे. मला ट्रॉली आठवली. खिशातून काढलेली आणि न उघडलेली टिपणं आठवली. इतरांना जा म्हणायचं आणि आपण घरी राहायचं, हे तुम्हाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

"नव्या जागी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

मग त्याच बाईनं, घागर टेकवून नळाचं विचारणाऱ्या त्या आता पार वाकलेल्या म्हातारीनं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "अगं बया, एकटंच?"

फाटक उघडायला दोघांना जोर लावावा लागला. गंजाचा तो कर्कश आवाज माळभर गेला. कुदळीखाली मुरूम लागत होता. जुन्या गावात काळी माती, लोण्यासारखी उतरते. इथं प्रत्येक घाव खणखणत होता. मला वाटलं, ही जमीन तुम्हाला घ्यायला तयार नाही. महेश माझ्या शेजारी उभा होता, पण माझ्याशी बोलत नव्हता.

विधी करणाऱ्या स्वामींनी खड्ड्यात उतरून विचारलं, "तोंड कुठं करायचं ठाऊक हाय न्हवं? पूर्वेला. रीतच हाय." आणि तुम्हाला फिरवून बसवलं.

तेव्हा मी मान वर केली. पूर्वेला माळ उतरत जातो, खाली ओढ्याची हिरवी रेघ, आणि तिच्यापलीकडं, बाभळींच्या वर, जुनं गाव. पडक्या भिंती, चिंचेचा शेंडा. इतकी वर्षं त्या फाटकाशी कुणी उभंच राहिलं नव्हतं, म्हणून हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. महेशनंही मान वर केली. त्यानं पाहिलं, आणि माझं मनगट धरलं. आई तिकडं निजलेली. तुम्ही इकडं बसलेले, तिच्याकडं तोंड करून, जागे. मग बेलाची पानं, विभूती, मीठ, आणि माती. शेवटी तुमचं कपाळ दिसेनासं झालं.

आता मी तुम्हाला भिते, अप्पा. डोळे मिटले की मुरमाचा तो खणखणाट येतो, आणि तुम्ही विचारता: कुणी सांगितलं तुला? मी कूस बदलते. दुसऱ्या कुशीवर आई विचारते, मग त्यांना आणलं का नाहीस? दोघांनाही उत्तर एकच, की मला माहीत नव्हतं. एखाद्या माणसावर आयुष्यभर प्रेम करूनही त्याचा एक शब्द आपल्यापाशी नसावा, आणि नेमका तोच लागावा.

तिसऱ्या दिवशी दूध घालायला गेले तेव्हा फाटक उघडंच होतं. तुमच्या समाधीजवळ कुणीतरी उकिडवं बसलं होतं. खांद्यावर टॉवेल, हातात काठी. बसाप्पाकाका. ओढा ओलांडून ते कधी नव्या गावाच्या हद्दीत आले नव्हते. सोयऱ्यांच्या लग्नालासुद्धा नाही.

"काका?"

"बसाय आलोय. राहाय न्हाय." त्यांनी काठीनं मातीच्या ढिगाकडं दाखवलं. "तोंड कुणीकडं केलंय?"

"पूर्वेला. स्वामी म्हणाले, रीत आहे."

त्यांनी वळून ओढ्यापलीकडं पाहिलं. मग त्यांच्या गळ्यातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "बघ लेका. जलमभर आमाला पाठ दाखीवलीस, अन् शेवटाला तोंड आमच्याकडंच केलंस."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. काका माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पोरी, तेच्या त्या गोऱ्या सरपंचाचं पुढं काय झालं गं? समदं गाव ऐकत व्हतं म्हणं पायऱ्यावर. मला कुणी सांगिटलं न्हाय. बोलतच नव्हतो न्हवं आमी."

मी सांगितलं. तुमच्यासारखं नाही जमलं, पण सांगितलं: कायदा, मोटार, पोरं, बंड, धक्काबुक्की. जहाज, आगगाडी, गाव.

"म्हंजे आपल्या मानसात नेला तेला."

"हो."

"अन् भाऊ?"

"तो तिकडंच. त्याची कबर एकटी आहे. बाकीच्यांच्या रांगा पलीकडं."

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग हाताचा रेटा देत उठले आणि तुमच्या डाव्या अंगाला, एका माणसापुरती जागा धरून, काठीच्या टोकानं मुरमात रेघ ओढली. मुरूम कठीण, रेघ नीट उमटेना, तेव्हा पुन्हा ओढली.

"हितं कुणाला देऊ नगासा."

"काका, काकू तर तिकडं आहेत. थोरला तिकडं. तुम्ही म्हणाला होतात, मेलो तरी इकडं येणार नाही."

"व्हय, म्हणालो व्हतो." ते माझ्यावर खेकसले. "तेच्यासंगं भांडान हाय माझं. लई राह्यलंय. तिकडनं तेला ऐकू कसं जाईल?"

मी दूध ओतलं. मुरमात ते मुरेना. पांढरा ओघळ त्या रेघेपर्यंत गेला आणि तिथं थबकला. मी फाटकाकडं निघाले. पाठीमागं काका पुन्हा उकिडवे बसले, काठी आडवी ठेवली, आणि त्यांचा आवाज चढला:

"आता ऐक. त्या दिवशी टरालीवर चढून तू काय म्हणलास..."